थ्री-नॉट-थ्री : मूळ कोणते, अस्सल कोणते?

जुन्या वस्तूंच्या बाजारात 'मूळ' या शब्दाइतका महाग शब्द दुसरा नसेल. नाणे असो, चित्र असो की हस्तलिखित असो, त्याच्या वर्णनात हा शब्द निःशंकपणे बसला की किंमत चढते आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह लागले की ती कोसळते. महायुद्धांत वापरल्या गेलेल्या लष्करी रायफली जमवणाऱ्यांचे जगही याला अपवाद नाही. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत, तेथील परवाना-कायद्यांच्या चौकटीत, अशा संग्राहकांचा मोठा वर्ग आहे. त्याची स्वतःची ग्रंथसंपदा आहे, परिभाषा आहे आणि न संपणारे वादही आहेत. आम्ही मराठीचे अध्यापक. बंदूक हा आमचा प्रांत नव्हे. तरीही हे वाद आम्हांला परके वाटत नाहीत. अनेक हातांतून गेलेल्या वस्तूचे मूळ रूप नेमके कोणते म्हणायचे, आणि नंतरच्या हातांनी केलेले फेरफार हा तिचा दोष मानायचा की तिचा इतिहास, हा या वादांच्या मुळाशी असलेला प्रश्न पाठचिकित्सेच्या तासाला आमच्या वर्गात वर्षानुवर्षे चर्चिला जातो. संग्राहकांनी या प्रश्नाचे जे उत्तर रूढ केले आहे ते आम्हांला अपुरे वाटते, आणि त्या अपुरेपणाची किंमत भारतात घडलेल्या व भारतीय सैनिकांनी वाहिलेल्या रायफलींना सर्वाधिक मोजावी लागते. हे म्हणणे येथे मांडायचे आहे.

उदाहरणासाठी आम्ही एकच रायफल घेतो : 'शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड'. आपल्याकडे ती 'थ्री-नॉट-थ्री' या नावाने ओळखली जाते. हे नाव खरे तर तिच्या नळीच्या व्यासाचे, ०.३०३ इंचाचे. पोलीस चौकीच्या दारावर आणि कवायतीच्या मैदानावर मराठी माणसाने ती पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हातीही याच जातीच्या रायफली होत्या. जेम्स पॅरिस ली याने योजलेली बोल्ट आणि मॅगझिनची रचना, आणि लंडनजवळच्या एनफिल्ड येथील सरकारी कारखाना, यांवरून तिचे जोडनाव पडले. तिचा 'मार्क थ्री' हा प्रकार १९०७ मध्ये स्वीकारला गेला. पहिल्या महायुद्धात उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी लांब पल्ल्याच्या साइट्स आणि मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी यांना फाटा देऊन तिचे सोपे रूप काढण्यात आले. त्याच्या नावापुढे तारांकन असते. १९२६ मध्ये नव्या नामकरणानुसार ती 'नंबर वन' झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन 'नंबर फोर' या नव्या रायफलीकडे वळले. परंतु ऑस्ट्रेलियातील लिथगो आणि बंगालमधील इशापूर येथील कारखाने 'नंबर वन'च घडवत राहिले. हुगळीकाठच्या इशापूरच्या कामगारांनी घडवलेल्या या रायफली उत्तर आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत भारतीय पलटणींच्या खांद्यावर होत्या.

अशी एखादी रायफल आज संग्राहकासमोर आली की तिचे परीक्षण दोन अंगांनी होते : तिची प्रकृती आणि तिचा मूळपणा. या दोन गोष्टी एकच आहेत असे नवख्याला वाटते. वस्तुतः त्या एकमेकींच्या विरोधातही जाऊ शकतात. चकचकीत दिसणारी रायफल कालपरवा रंगवलेली असू शकते, आणि काळवंडलेल्या, ओरखडलेल्या रायफलीवर १९४२ नंतर कोणी हातही फिरवलेला नसतो.

प्रकृतीची तपासणी नळीपासून सुरू होते. रायफल रिकामी आहे याची खात्री करून, बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहिले जाते. या नळीत बहुधा पाच पीळ असतात आणि ते डावीकडे वळतात. त्यांच्या कडा तीक्ष्ण आहेत की झिजलेल्या, मध्येच गंजाने खड्डे पडले आहेत काय, हे पाहायचे. त्या काळच्या काडतुसांतील प्रायमरमुळे नळीत क्षार उरत आणि ते हवेतील ओल शोषून घेत; म्हणून गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती. ज्या सैनिकाला किंवा शिपायाला ती पाळणे जमले नाही, त्याच्या रायफलीच्या नळीत तो चुकलेला दिवस कायमचा नोंदला गेला. नळी साफ करण्यासाठी एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी असे. तिच्या फासात फ्लॅनेलची चिंधी अडकवून ती नळीतून ओढायची. ही दोरी वर्षानुवर्षे तिरकी ओढली गेली तर नळीचे तोंड एका बाजूने झिजते आणि नेम बिघडतो. अतिस्वच्छतेने बिघडलेल्या नळ्याही असतात त्या अशा.

पुढची तपासणी सुरक्षिततेची. बोल्ट बंद असताना त्याचा पुढचा चेहरा आणि काडतुसाच्या कडेला टेकणारी जागा यांतील अंतर ठरावीक मर्यादेतच असावे लागते. ते मोजण्याचे दोन प्रमाणित ठोकळे आहेत : ०.०६४ इंचाच्या ठोकळ्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, ०.०७४ इंचाच्या ठोकळ्यावर तो बंद होता कामा नये. प्रत्येक बोल्ट कारखान्यात त्या त्या रायफलीला हाताने जुळवून बसवलेला असे. त्यामुळे दुसऱ्या रायफलीचा बोल्ट वरवर नीट बसला, तरी या ठोकळ्यांनी आणि जाणत्या आर्मररने तपासल्याखेरीज तो विश्वासार्ह ठरत नाही. क्रमांक जुळण्याला महत्त्व आले ते प्रथम या व्यावहारिक कारणाने. संग्राहकांची हौस नंतरची.

मग लाकूड. इंग्लंडातील रायफलींना अक्रोडाचे लाकूड, लिथगोच्या युद्धकालीन रायफलींना पुष्कळदा कोचवूड नावाचे ऑस्ट्रेलियन लाकूड. लाकडाला जवसाचे तेल पाजले जाई, ते कालांतराने काळपट तांबूस होते. जाणता संग्राहक प्रथम लाकूड आणि लोखंड जेथे भेटतात ती कड पाहतो. लाकूड लोखंडापेक्षा किंचित वर उठलेले असेल तर त्याला कोणी पॉलिश पेपर लावलेला नाही. ते लोखंडाच्या खाली गेले असेल तर कोणीतरी ते घासून 'नवे' केले आहे. त्या घासण्यात डाग जातात, आणि तपासनिसांचे, दुरुस्तीचे, मालकीचे लाकडावरील ठसेही जातात. दस्त्याचा तुळतुळीतपणा हा म्हणूनच पहिल्या संशयाचा विषय असतो.

मूळपणाचे परीक्षण याहून किचकट आहे. दस्त्याच्या मानेवरील लोखंडी कड्यावर राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि प्रकार कोरलेला असतो. इशापूरच्या ब्रिटिशकालीन रायफलींवर 'जी. आर. आय.' ही अक्षरे आढळतात. त्यातला शेवटचा 'आय' हा 'इंपरेटर', म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. प्रजासत्ताक आल्यावर तेथे अशोकस्तंभाचे सिंह आले. मालकीच्या खुणा वेगळ्या : ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा रुंद बाण सर्वपरिचित आहे, त्याच्याखाली 'आय' असेल तर मालमत्ता भारत सरकारची, बाण 'सी' या अक्षरात असेल तर कॅनडाची, दोन 'डी'मध्ये असेल तर ऑस्ट्रेलियाची. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर आले, तर रायफल सरकारी सेवेतून विकली गेली. नागरी बाजारात येताना लंडन वा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे उमटतात, अमेरिकेत आयात झाली असेल तर बहुधा आयातदाराचाही ठसा असतो.

आणि मग क्रमांक. रायफलीच्या मुख्य लोखंडी सांगाड्यावर, नळीवर, बोल्टच्या मुठीच्या मुळाशी, तोंडाकडील नोजकॅपवर, मागच्या साइटच्या पट्टीखाली आणि पुढच्या लाकडाच्या तळाशी एकच क्रमांक असेल तर ती रायफल 'मॅचिंग'. संग्राहकांच्या लेखी हा परमोच्च शब्द. एक बोल्ट वेगळा निघाला की रायफल पायरी उतरते. लाकूड वेगळे निघाले की आणखी एक. हा निकष निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. सहा जागी एकच क्रमांक असणे म्हणजे सहा साक्षीदारांनी एकच जबानी देणे होय, आणि कोणतीही चिकित्सा साक्षीदारांच्या एकवाक्यतेपासूनच सुरू होते. आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. ज्या रायफलीच्या साक्षी भिन्न आहेत ती कमअस्सल, हे अनुमान आम्हांला मान्य नाही.

याचे कारण लष्करी रायफलीच्या आयुष्यात आहे. ती विकत घेऊन कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हती. पलटणीतला आर्मरर तिची नळी बदले, तुटलेले लाकूड बदले, झिजलेला बोल्ट काढून दुसरा जुळवून बसवी. नव्या बोल्टवरचा जुना क्रमांक आडव्या रेघेने खोडून त्याच्या बाजूला नवा क्रमांक ठोकलेला आढळतो. मोठी दुरुस्ती कारखान्यात होई. अशा रायफलीवर 'एफ. टी. आर.' ही अक्षरे आणि पुष्कळदा वर्षही आढळते. अर्थ असा की कारखान्यात ती संपूर्ण उकलून पुन्हा बांधली आहे. इशापूरने तर पुढच्या लाकडाला भेग पडू नये म्हणून आडवा स्क्रू घालण्याची आपली पद्धत बसवली. परदेशी संग्राहकांत तो स्क्रू इशापूरच्याच नावाने ओळखला जातो. पुनर्बांधणीनंतर लोखंडाला काळा रंग देण्याचीही तेथे पद्धत होती. जी रायफल दोन महायुद्धे, फाळणी आणि त्यानंतरची पोलीस सेवा पाहून आली, तिच्यावर हे सारे थर असणे स्वाभाविक आहे. ते नसते तरच नवल.

संग्राहकाच्या 'मूळ'चा अर्थ मात्र 'कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशीची' असा असतो. म्हणजे जी रायफल गोदामात पडून राहिली, जिला युद्ध ठाऊकच नाही, ती युद्धकालीन रायफल म्हणून सर्वांत मोलाची. आणि जिने युद्ध सोसले, मोडली, दुरुस्त झाली व पुन्हा उभी राहिली, ती 'मिश्र भागांची' म्हणून उपेक्षित. युद्धाची आठवण म्हणून जी वस्तू जपायची, तिच्या अंगावर युद्धाच्या खुणा असणेच तिला उणे ठरवावे, यातला तर्कदोष आम्हांला तरी दृष्टिआड करता येत नाही.

आमच्या विषयात हा प्रश्न जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व मानलेल्या एका हस्तलिखितावरून आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. 'एकनाथांच्या आधीची ज्ञानेश्वरी' या कल्पनेचे आकर्षण अभ्यासकांना वाटले, तसेच 'दुरुस्तीआधीची रायफल' या कल्पनेचे संग्राहकांना वाटते. तथापि एकनाथांचे काम लपूनछपून झालेले नाही. आपण ग्रंथ शुद्ध केला हे त्यांनी स्वतः सांगितले, वर्षही नोंदवले. 'एफ. टी. आर.' आणि वर्ष यांचा ठसा याच जातीचा आहे. मी येथे हात घातला, या वर्षी घातला, असे तो उघडपणे सांगतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये आरंभिले. १९२५ पासून वि. सी. सुकथनकर यांनी त्याला शास्त्रशुद्ध दिशा दिली आणि ते १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. आपण व्यासांच्या हातची संहिता देत आहोत असा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितकेच आपण जाऊ, अशी त्यांची भूमिका होती. त्याहून महत्त्वाचे हे की, जे श्लोक प्रक्षिप्त ठरले ते त्यांनी टाकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. कोणती भर कोणत्या प्रतींत आहे हे वाचकाला आजही कळते. रायफलीच्या परीक्षणाला आम्ही हाच नमुना सुचवू. आधीचे काय, नंतरचे काय, हे जरूर वेगळे करावे. पण नंतरचे ते पुसू नये, आणि त्याला केवळ नंतरचे म्हणून हिणवूही नये.

येथे कोणी विचारील की, मग सगळेच फेरफार तुम्ही क्षम्य ठरवता काय? मुळीच नाही. दुरुस्ती आणि लबाडी यांतला फरक आम्हांला पुसट करायचा नाही. उलट तो आजच्यापेक्षा ठसठशीत करायचा आहे. रायफलींच्या बाजारात लबाडीचे प्रकार पुष्कळ आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातील काही रायफलींच्या दस्त्यावर पलटणीची नोंद असलेली पितळी चकती असे. अशा चकत्या सुट्याही विकल्या जातात आणि एखाद्या नामांकित पलटणीची चकती भलत्याच दस्त्यावर जाऊन बसते. १९४४ च्या सुमारास आलेली 'नंबर फाइव्ह' ही आखूड रायफल 'जंगल कार्बाइन' म्हणून लोकप्रिय आहे. तिच्या मागणीमुळे साध्या 'नंबर फोर'ची नळी कापून बनावट 'नंबर फाइव्ह' तयार झाल्या. खऱ्या रायफलीत वजन घटवण्यासाठी नळीच्या मुळाशी धातू खरवडून काढलेला असतो. नक्कल करणारा नेमके तेथेच आळस करतो.

सर्वांत रंजक नमुने सरहद्दीवरील दर्रा आदमखेल परिसरातील कारागिरांनी हाताने बनवलेल्या नकलांचे. त्यांवरची रोमन अक्षरे कधी उलटी कोरलेली असतात, शब्दांची वर्णरचना चुकते, आणि कधी व्हिक्टोरिया राणीच्या आद्याक्षरांखाली तिच्या निधनानंतरचे साल असते. राणी १९०१ मध्ये वारली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढे काही पाहावे लागत नाही. जुन्या म्हणवणाऱ्या पोथीत नंतरच्या काळातला शब्द सापडावा तसा हा कालविपर्यास.

याहून धोकादायक प्रकार कवायतीच्या रायफलींचा. ज्या रायफली गोळीबारास अयोग्य ठरल्या त्यांवर 'डी. पी.', म्हणजे केवळ कवायतीसाठी, असा ठसा मारला जाई. हा ठसा घासून काढलेली रायफल हातात आली, तर फसवणूक पैशापुरती राहत नाही. ती चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि जिवावर बेतू शकते.

या सर्व उदाहरणांना एक समान सूत्र आहे. आर्मरर जुना क्रमांक खोडतो, पण तो वाचता येईल असा ठेवतो. लबाड माणूस तो घासून नाहीसा करतो आणि त्या जागी हवा तो आकडा ठोकतो. पहिला इतिहासात भर घालतो, दुसरा त्यातले पान फाडतो. 'सर्व क्रमांक जुळतात' या एकाच गुणाला अवास्तव किंमत देणारी बाजारपेठ मात्र दुसऱ्या माणसालाच उत्तेजन देते. प्रामाणिकपणे विजोड असलेली रायफल स्वस्त आणि कृत्रिमरीत्या जुळवलेली महाग, असे एकदा झाले की जुळवून देणारे हात निर्माण होणारच. कित्येक सज्जन संग्राहकही 'योग्य' भाग शोधून जुने भाग बदलतात, काळा रंग खरवडून निळसर झाक आणतात आणि त्याला जीर्णोद्धार म्हणतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण १९४१ ची रायफल १९४१ सारखी दिसावी म्हणून १९५० ची दुरुस्ती पुसणे, म्हणजे आधीच्या पिढीचे खरे काम काढून त्या जागी आजच्या पिढीची कल्पना बसवणे. अशी रायफल निर्दोष दिसेल, साक्षीदार म्हणून मात्र ती निकामी झाली.

म्हणून परीक्षकाने एकाऐवजी तीन प्रश्न विचारावेत, असे आमचे मत आहे. पहिला : ही धडधाकट आहे काय? दुसरा : हिच्या कोणत्या भागाला कोणता काळ आहे? तिसरा : हिच्यावरची एखादी खूण खोटे बोलते काय? आज दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'सर्व भाग एकाच काळाचे नाहीत' असे आले की परीक्षण संपते. आमच्या मते खरे परीक्षण तेथे सुरू होते, आणि किंमत घटवायचीच असेल तर ती तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर घटावी.

इशापूरच्या रायफलींचा प्रश्न येथे येतो. परदेशी संग्राहकांत त्यांना सामान्यतः खालची पायरी मिळते : लाकूड ओबडधोबड, काळा रंग, आडवा स्क्रू, पुन्हा पुन्हा दुरुस्ती. ही वर्णने खोटी नाहीत. पण त्यांमागचे वास्तव पाहावे. १८५७ नंतर कित्येक दशके भारतीय सैनिकाच्या हाती गोऱ्या सैनिकापेक्षा एक पिढी जुने शस्त्र देण्याचे धोरण राबवले गेले. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य सुमारे २५ लाखांवर गेले, तेव्हा ब्रिटनमध्ये मागे पडलेल्या 'नंबर वन'वरच त्यातील बहुतांना भिस्त ठेवावी लागली. १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या कड्यांवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान चढले, त्या काळातले हे शस्त्र आहे. तिच्या काडतुसांपैकी काही पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात तयार होत. त्यांच्या बुडावरची 'के' आणि 'एफ' ही अक्षरे परदेशातले काडतूस-संग्राहक आजही ओळखतात. टंचाईच्या काळात, मिळेल त्या लाकडातून, मोडले ते सांधून चालवण्याची जी रीत या रायफलींवर दिसते, ती वसाहतीतील कारखान्याची, कामगाराची आणि सैनिकाची कहाणी आहे. त्या कामगारांची नावे कोणत्याही इतिहासग्रंथात नाहीत. त्यांचे हस्ताक्षर म्हणावे असे जे काही उरले आहे, ते या ठशांत, या स्क्रूंत आणि खोडलेल्या आकड्यांत. ते 'दोष' म्हणून घासले जात असतील, तर आपल्या इतिहासाची एक साधनसामग्री परक्या देशांतील तळघरांत हळूहळू नष्ट होत आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

एक आक्षेप आम्ही स्वतःलाच घेतो. माणसे मारण्याच्या यंत्राविषयी इतक्या मायेने लिहावे काय? शस्त्राचे गौरवीकरण आम्हांला अभिप्रेत नाही. उलट, शस्त्राला शोभेची वस्तू बनवण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसते ती 'नवी कोरी' रायफल भिंतीवर लावण्यात. तिच्यावर ना झीज, ना भेग, ना सांधा. जणू ती कोणी कधी उचललीच नाही. झिजलेली, सांधलेली रायफल तसे विसरू देत नाही. ती कोणाच्या तरी खांद्यावर होती आणि कोणावर तरी रोखलेली होती, हे तिच्याकडे पाहताना आठवत राहते. शस्त्राच्या इतिहासाकडे डोळसपणे पाहायचे असेल तर पाहायला दुसरी अधिक उपयोगी आहे.

भारतात नागरिकाने अशा रायफली जमवण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. १९५९ च्या शस्त्र-कायद्याच्या चौकटीत थ्री-नॉट-थ्री सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक बंदुका बाळगता येत नाहीत. ही बंधने सैल व्हावीत अशी आमची मागणी नाही. पण त्यामुळे एक जबाबदारी आपोआप सरकारी यंत्रणेवर येते. ही रायफल आता पोलीस सेवेतून निरोप घेत आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी समारंभपूर्वक निरोप दिला. निवृत्त शस्त्रांपैकी जी नष्ट करायची असतील ती अवश्य नष्ट व्हावीत. मात्र त्याआधी प्रत्येकीवरील कारखाना, वर्ष, क्रमांक, खोडलेला क्रमांक, दुरुस्तीचा ठसा आणि लाकडावरील खुणा यांची नोंद व छायाचित्रे व्हावीत. प्रत्येक प्रकारातील काही नमुने, गोळीबारास कायमचे निकामी करून पण ठसे शाबूत ठेवून, संग्रहालयांत जावेत. हे काम खर्चाचे नाही. पोलीस मुख्यालयातील शस्त्रागार सांभाळणारा जाणता कर्मचारी आणि जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाचे दोन विद्यार्थी ते करू शकतील.

आज या रायफलीविषयीचे व्यवस्थित ज्ञान हवे असेल तर इयन स्केनर्टन या ऑस्ट्रेलियन संशोधकाच्या 'द ली-एनफिल्ड स्टोरी' सारख्या ग्रंथांकडे वळावे लागते. त्या परिश्रमांविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु इशापूरच्या कामगाराने कोणत्या वर्षी कोणता बदल का केला, हे सांगणारा ग्रंथ इशापूरच्या देशात लिहिला जायला हवा. त्याची कच्ची सामग्री अजून शस्त्रागारांच्या लाकडी रॅकांत उभी आहे. ती भट्टीत जाण्यापूर्वी कोणीतरी वही घेऊन तेथे गेले पाहिजे, आणि जुळणाऱ्या आकड्यांबरोबर न जुळणारे आकडेही तितक्याच काळजीने उतरवून घेतले पाहिजेत.